‘आम्हांला ठाऊक आहे’ गाळू नका

संपादक महोदय,

प्रायश्चित्तकाळाच्या (ईस्टरपूर्व उपवासकाळाच्या) चौथ्या रविवारी, तीन वर्षांच्या वाचनचक्रातले ‘अ’ वर्ष असेल तेव्हा, कॅथलिक मिस्सेत योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय वाचला जातो: येशू एका जन्मांधाला दृष्टी देतो, ती कथा. पूर्ण वाचन ४१ ओव्यांचे. वाचनग्रंथात संक्षिप्त पर्यायही आहे: १, ६ ते ९, १३ ते १७ आणि ३४ ते ३८, म्हणजे अवघ्या १५ ओव्या. त्याने चारेक मिनिटे वाचतात, पण गळते काय ते पाहा.

जन्मांधाला दृष्टी आली, एवढे राहते. त्याची उलटतपासणी करणारे परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, ‘आम्हांला ठाऊक आहे’ असे दोनदा ठासून सांगतात (ओव्या २४, २९), ते जाते. बरा झालेला मात्र सरळ ‘मला ठाऊक नाही’ म्हणतो (१२, २५), तेही जाते. आंधळेपण कुठे आहे आणि मोकळे मन कुठे, हे तर याच टकरीत दिसते! त्या माणसाची ओळख पायरीपायरीने वाढते: ‘येशू नावाचा मनुष्य’ (११), ‘संदेष्टा’ (१७), ‘देवापासून आलेला’ (३३), आणि अखेर ‘प्रभू’ (३८). संक्षिप्त वाचनात पहिली आणि तिसरी पायरीच नाही. आईबापही ‘आम्हांला ठाऊक नाही’ म्हणतात (२१), पण ते सभास्थानातून हाकलले जाण्याच्या धास्तीने. हा फरकही गाळलेल्या भागातच आहे.

परूश्यांचा आक्षेप उगाच नव्हता. दृष्टी देताना येशूने थुंकीने चिखल कालवला तो शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, आणि मळणे हे यहुदी परंपरेत शब्बाथला वर्ज्य असलेल्या ३९ कामांपैकी एक. नियम तोंडपाठ होता. समोर उभा असलेला माणूस तेवढा दिसत नव्हता.

सगळ्यांत खटकते ते दुसरी-तिसरी ओवी आणि ३९ ते ४१ गाळणे. ‘पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी?’ या शिष्यांच्या प्रश्नाला येशू ‘दोघांनीही नाही’ असे उत्तर देतो. अपंग मूल जन्मले की आपल्याकडे आजही हाच प्रश्न कुजबुजला जातो. आणि ४१व्या ओवीत दोष न दिसण्याला नाही, ‘आम्हांला दिसते’ या दाव्याला आहे. हे वगळून प्रवचनात ‘आंधळे म्हणजे अविश्वासी’ असे ठोकून दिले, तर बाकावर बसलेल्या अंध भाविकाने काय समजायचे?

पूर्ण वाचनाला सहा-सात मिनिटे लागतात. झावळ्यांच्या रविवारी येशूच्या दुःखसहनाचे वाचन निवेदक, येशू आणि इतर असे तिघांत वाटून घेतात, तसेच इथेही करता येईल. वेळेची अडचण असेल तर प्रवचन आखडावे. आणि संक्षिप्तच वाचायचे ठरले, तर प्रवचनात निदान ४१वी ओवी शब्दशः वाचून दाखवावी.

– एक कॅथलिक वाचक, वसई