अध्यासन निघेल, पण नंतरचा प्राध्यापक?

मा. संपादक,
स. न.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून बाहेरच्या विद्यापीठांत मराठीची अध्यासने (म्हणजे खास त्या विषयासाठी निधी देऊन निर्माण केलेली प्राध्यापकपदे) काढण्याची चर्चा वरचेवर ऐकू येते. त्या कल्पनेला माझा विरोध नाही. मात्र महाराष्ट्राचा अभ्यास करणारा विद्वानांचा एक गट परदेशी विद्यापीठांत पूर्वी कसा उभा राहिला आणि पुढे कसा विरळ होत गेला, याची आठवण या चर्चेत कुणी काढताना दिसत नाही.

तो गट कुणाच्या मराठीप्रेमातून जन्मला नव्हता. १९५८ च्या कायद्याने अमेरिकी सरकारने परक्या भाषांच्या अध्यापनाला पैसा दिला, १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे बस्तान आधी पुण्यातच होते आणि पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली भारताने घेतलेल्या धान्याच्या किमतीपोटी साठलेल्या रुपयांतून मराठी पुस्तके विकत घेतली जाऊन तिकडच्या ग्रंथालयांत पोहोचू लागली. (रेशनच्या रांगेत त्या लाल गव्हाला नाके मुरडणाऱ्या आमच्या पिढीला याचा पत्ताही नव्हता.) अमेरिकी इतिहासकार एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर प्रबंध लिहिला तो याच काळात. जर्मनीत हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेतील गुंथर सोन्थायमर तर धनगरांबरोबर हिंडून बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्या परंपरा नोंदवत राहिले. टोरोंटो विद्यापीठात नरेंद्र वागळे यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये महाराष्ट्रावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तेथील दक्षिण आशिया अभ्यास केंद्राने १९८७ व १९८८ मध्ये महाराष्ट्रविषयक निबंधांचे संग्रह काढले.

सोन्थायमर १९९२ मध्ये अकाली गेले, झेलियट २०१६ मध्ये. प्राध्यापक निवृत्त झाला किंवा वारला, तर त्याच्या जागी पुन्हा मराठी जाणणाराच नेमला पाहिजे, असे बंधन विद्यापीठावर सहसा नसते. ती जागा दुसऱ्या प्रांताकडे किंवा दुसऱ्याच विषयाकडे वळते. त्यातच २०११ मध्ये अमेरिकेतील परकीय भाषांच्या अनुदानाला मोठी कात्री लागली. परिषदा भरत राहतात, गौरवग्रंथही निघतात, पण मोडी वाचू शकणारा नवा विद्यार्थी त्यांतून घडत नाही, कारण त्यासाठी वर्षानुवर्षे भाषा शिकवणारा माणूस लागतो.

म्हणून राज्य शासनाने अध्यासनासाठी निधी देताना दोन अटी करारातच घालाव्यात: पद कायम असावे व रिकामे झाल्यास ठरावीक मुदतीत त्याच विषयासाठी भरले जावे, आणि निधीच्या व्याजातून दरवर्षी निदान दोन विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात राहून मराठी शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळावी.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, पुणे