कणकुंबीच्या धारेवरचे मासे

बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. तुझ्या पुतणीला बीएस्सी झाल्यावर मासे आणि किड्यांच्या जीनोमवर, म्हणजे त्यांच्या सगळ्या डीएनएवर, काम करायचं आहे, आणि घरात सगळे विचारतायत की यात दिवसभर करायचं तरी काय. सविस्तर लिहितो. पत्र तिलाच वाचायला दे.

आधी खानापूर तालुक्याचा नकाशा काढायला सांग. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. त्याच परिसरातला कळसा नाला म्हादईला मिळून गोव्याकडे, अरबी समुद्राला जातो. मधे डोंगराची एक धार. तिच्यावर पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो, पण ओढ्यातल्या माशाला ती धार ओलांडता येत नाही. मग अलीकडचे आणि पलीकडचे मासे एकमेकांपासून कधी तुटले? तुटल्यावर त्यांच्या जनुकांत काय बदललं? आपोआप साठलेला बदल कुठला आणि पाण्याच्या स्वभावामुळे टिकलेला कुठला? उत्क्रांतीच्या जीनोमिक्समध्ये आयुष्यभर याच जातीचे प्रश्न सोडवायचे असतात, आणि एक तर आपल्या दारातच पडला आहे.

त्याला घाईसुद्धा आहे. म्हादई पाणी लवादाचा निवाडा 2018 मध्ये आला. कळसा-भंडुरा योजनेत म्हादईच्या खोऱ्यातलं पाणी मलप्रभेत वळवायचं आहे. पाणी कुणाला किती, हा वाद वेगळा. पण दोन खोरी जोडली की पाण्याबरोबर अंडी आणि पिल्लंही जाऊ शकतात, आणि एकदा सरमिसळ झाली की आधी काय होतं हे नंतरच्या माशांवरून नीट काढता येत नाही. म्हणून माझं म्हणणं एकच आहे : सीक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणं, दहा वर्षांनी केलं तरी चालेल, नमुने आत्ता घेतले पाहिजेत.

मासा कुठला घ्यावा? सगळ्यांचा डोळा महसीरवर असतो. नवशिक्याने तो घेऊ नये. कार्प कुळातल्या बहुतेक माशांची गुणसूत्रं 50 च्या आसपास असतात, महसीरची 100. त्याच्या पूर्वजात अख्खा जीनोम दुप्पट झाला, त्यामुळे बऱ्याच जनुकांच्या दोन-दोन जवळपास सारख्या प्रती असतात. डीएनएचे 150 अक्षरांचे छोटे तुकडे वाचले की दोन्ही प्रती एकाच जागी जाऊन बसतात, आणि प्रतींमधला फरक आपल्याला माशा-माशांतला फरक वाटतो. त्यापेक्षा गारा नावाचा छोटा मासा घ्यावा, दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा. त्यातल्या गारा मुल्या या जातीचं नाव सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली इथल्या मराठी नावावरूनच ठेवलं. दोन्ही उतारांवरचे गारा एकाच जातीचे आहेत असं मात्र गृहीत धरू नये. आधी, जात ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा साधारण 650 अक्षरांचा तुकडा वाचून खात्री करायची, मग पुढचा खर्च.

नमुने नोव्हेंबर ते फेब्रुवारी घ्यावेत. पाणी निवळलेलं असतं आणि विणीचा हंगाम सरलेला असतो. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय जाळं टाकायचं नाही, आणि नमुने परदेशी पाठवायचे तर जैवविविधता कायदा, 2002 नुसार राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते. कागद तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून अर्ज पावसाळ्याआधीच करावा.

माशाचा डाव्या बाजूने मोजपट्टीसह फोटो, आणि छातीजवळच्या उजव्या पराचा 3-4 मिलिमीटर तुकडा. डावी बाजू अखंड राहते, पुढे ओळख पटवायला तीच लागते. तुकडा 95 टक्क्यांच्या वर शुद्धतेच्या इथेनॉलमध्ये, निदान दहापट द्रवात टाकायचा, आणि 24 तासांनी इथेनॉल बदलायचं. ऊतीतलं पाणी बाहेर येऊन इथेनॉल पातळ करतं आणि डीएनए कुजायला लागतो, हे बदलणंच बहुतेक जण विसरतात. फॉर्मॅलिन नको, त्यात डीएनए प्रथिनांशी जखडला जातो. रंगकामाचं स्पिरिटही नको. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून ट्यूबच्या आत टाकायची. बाहेरची शाई इथेनॉलचा एक थेंब सांडला की गेली, आणि ओढ्याचं नाव नसलेला नमुना फेकूनच द्यावा लागतो. प्रत्येक ओढ्यातले दोन-तीन अख्खे मासे संग्रहालयात जमा करायचे, म्हणजे उद्या कुणी जातीबद्दल शंका काढली तर दाखवायला मासा असेल.

एकच ओढा इकडचा आणि एकच तिकडचा घेऊन भागत नाही. त्यात दिसलेला फरक धारेमुळे आला की त्या दोन ओढ्यांच्याच काही खोडीमुळे, हे सांगता येत नाही. दोन्हीकडे चार-चार ओढे, प्रत्येकी बारा मासे, म्हणजे 96. काट्याचा स्टिकलबॅक मासा या शास्त्रात एवढा मोठा झाला तो याचमुळे. हिमयुगानंतर तो समुद्रातून अनेक तळ्यांत वेगवेगळा शिरला आणि बऱ्याच तळ्यांत त्याचे पोटाखालचे काटे गेले. हे काटे घडवायला लागणारं पिटएक्स-1 हे जनुक शाबूत होतं. गळाला होता तो ते जनुक तेवढ्या जागी चालू करणारा डीएनएचा तुकडा, आणि तो वेगवेगळ्या तळ्यांत पुन्हा पुन्हा गळाला होता. एकाच तळ्यावर हे कधीच सिद्ध झालं नसतं.

प्रयोगशाळेत गेल्यावरची सर्वांत मोठी चूक : मलप्रभेचे सगळे नमुने एका खेपेत आणि म्हादईचे दुसऱ्या खेपेत सीक्वेन्स करणं. मग मशीनचा फरक नदीचा फरक होऊन बसतो आणि कुठल्याही गणिताने तो सुटत नाही. 96 ट्यूबा चिठ्ठ्या टाकून मिसळायच्या, मगच पाठवायच्या. जीनोम 100 कोटी अक्षरांचा धरला आणि प्रत्येक अक्षर दहा वेळा वाचलं, तर एका माशामागे 1000 कोटी अक्षरं होतात. मधल्या फायली धरून तीन-चार टेराबाइट जागा लागेल. संदर्भ-जीनोम, म्हणजे बाकीचे तुकडे ज्याच्याशी ताडून बसवायचे तो, मात्र एकाच माशाचा बांधायचा, आणि त्यासाठी ताजी ऊती द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेली हवी. डीएनएचे लांब धागे जपायचे म्हणून ट्यूब जोरात हलवायची नाही आणि पिपेटचं टोक रुंद घ्यायचं.

किडे हवे असतील तर परसातल्या कढीपत्त्यावरच्या अळ्या बघायला सांग. कॉमन मॉर्मन फुलपाखराची मादी काही वेळा नरासारखी असते, काही वेळा विषारी फुलपाखराची हुबेहूब नक्कल. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या कृष्णमेघ कुंटे यांचा सहभाग असलेल्या 2014 च्या संशोधनाने दाखवलं की हे सोंग डबलसेक्स या एकाच जनुकाच्या वेगळ्या प्रतीवर चालतं. मूळचं काम या जनुकाचं नर-मादी ठरवण्याचं. यात एक लक्षात ठेवायचं : फुलपाखरांत दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं मादीकडे असतात, म्हणून पूर्ण जीनोम हवा तर मादी निवडावी. डीएनए पाय किंवा छातीच्या स्नायूतून काढावा. पोट घेतलं तर पानाचा आणि जंतूंचा डीएनए सोबत येतो. वोल्बाकिया हा जिवाणू तर अंड्यातून पिढ्यान्‌पिढ्या जातो आणि मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या, आईकडूनच येणाऱ्या कणांचा) इतिहास गढूळ करतो. सीओआय मायटोकॉन्ड्रियातलंच जनुक आहे, म्हणून फुलपाखरांत एकट्या त्यावर विसंबायचं नाही.

करिअरचं थोडक्यात : एमएस्सी, नेट किंवा गेट ही परीक्षा, मग पाचेक वर्षं पीएचडी, पुढे पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन. जेआरएफला, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या शिष्यवृत्तीला, 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात. मराठी शाळेत शिकली म्हणून बिचकायचं कारण नाही. अडतं ते संख्याशास्त्र आणि लिनक्सवर, आणि दोन्ही घरच्या लॅपटॉपवर शिकता येतात. आर ही संख्याशास्त्राची संगणक-भाषा फुकट आहे. रोज एक तास, वर्षभर.

जांबोटीकडे तुमचे पाहुणे आहेत ना? तिथले म्हातारे या दगड चाटणाऱ्या माशाला काय म्हणतात आणि तो कुठल्या व्हाळात आता दिसेनासा झालाय, हे तिला दिवाळीच्या सुट्टीत वहीत लिहून आणायला सांग. ओढे निवडायला मला ती वही हवी आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच मित्र