मैफल नाही म्हणून मास्तरकी?

संपादकसाहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत परदेशात गेलेल्या आपल्या वादकांवरचा लेख वाचला, छान होता पण एक वाक्य काही पचलं नाही. ज्यांना इथे मैफली मिळत नाहीत ते तिकडे युनिव्हर्सिटीत मास्तरकी करतात, अशा अर्थाचं. मी स्वतः तबल्याचे क्लास घेतो त्यामुळे झोंबलं म्हणा हवं तर.

पण त्रिची शंकरन यांचं नाव त्या लेखात कसं काय नाही? मृदंगम, म्हणजे दक्षिणेतलं पखवाजासारखं दोन तोंडांचं तालवाद्य, वाजवतात, जन्म 1942 चा, गाव त्रिचीजवळचं पूवालूर आणि गुरू कोण तर पळनी सुब्रमण्यम पिल्ले, म्हणजे मृदंगमच्या पुदुकोट्टै परंपरेतलं केवढं मोठं नाव. हे पळनी डावखुरे. कर्नाटक मैफलीत मृदंगमवाला गायकाच्या उजवीकडे बसतो, म्हणजे शाईची (काळ्या लेपाची) उजव्या हाताची बाजू श्रोत्यांकडे येते. डावखुरा असला की त्याला पलीकडे बसवा, मग व्हायोलिनवाल्याला इकडे हलवा, आणि एवढ्यावरून लोक कुरकुर करायचे! थोर गायक चेंबै वैद्यनाथ भागवतर मात्र त्यांना आवर्जून साथीला घ्यायचे.

तर अशा गुरूचा हा शिष्य, मद्रासमध्ये मोठमोठ्या गायकांना साथ करत असताना, तिशीच्या आत, 1971 साली टोरांटोच्या यॉर्क युनिव्हर्सिटीत गेला. बरोबर जॉन हिगिन्स, हा अमेरिकन माणूस कर्नाटक गाणं इतकं चांगलं गायचा की लोक त्याला हिगिन्स भागवतर म्हणायचे. दोघांनी मिळून तिथे कर्नाटक संगीताचं शिक्षण सुरू केलं आणि शंकरन यांनी पुढे चाळीसएक वर्षं शिकवलं. काम मिळत नव्हतं म्हणून गेलेला माणूस असा असतो का?

आणि शिकवलं कुणाला, तर ज्यांनी मृदंगम आयुष्यात पाहिलेला नाही अशांना. सोलकट्टू, म्हणजे आपली पढंतच म्हणा, तालाचे बोल वाद्याशिवाय म्हणणं: तोंडाने तकिट म्हटलं की तीन, तकदिमि म्हटलं की चार, तदिगिणतोम म्हटलं की पाच, आणि त्याचवेळी हाताने आदि ताल धरायचा: टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग टाळी, उलटा हात, परत टाळी, उलटा हात. झाल्या आठ मात्रा. यात वाद्य लागतच नाही, त्यामुळे जाझ ड्रमरही शिकतो आणि कंपोजरही. आमच्याकडे पोरांना पढंत आठवते ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, तेही बाहेरून परीक्षक येणार म्हणून.

मैफलीचं म्हणाल तर तिथे तरी तालवाद्यवाल्याला काय मान होता हो? तनी आवर्तनम, म्हणजे जिथे मृदंगमवाला एकटा वाजवतो, नेमकं तेव्हाच निम्मं सभागृह उठून कॅन्टीनला कॉफी प्यायला जातं, ही चेन्नईतली जुनी तक्रार आहे. मद्रास म्युझिक अकॅडमीचा संगीत कलानिधी हा किताब मृदंगमवाल्याला मिळायला 1966 उजाडलं, पालघाट मणी अय्यर पहिले. पळनी तर 1962 लाच गेले, त्यांना तो मिळाला नाही. शंकरन यांना 2011 मध्ये मिळाला, आणि तोवर त्यांची चाळीस वर्षं कॅनडात शिकवण्यात गेली होती. चेन्नईला येऊन वाजवणं मात्र त्यांनी कधी सोडलं नाही, आणि वर पुस्तकं लिहिली, इंडोनेशियाच्या गॅमलान या वाद्यवृंदासाठीसुद्धा रचना केल्या.

तेव्हा मास्तरकी हा शब्द जरा जपून वापरावा एवढीच विनंती. आणि त्याच पानावर घटम वाजवणाऱ्याच्या फोटोखाली मृदंगम छापलंय तेही बघा, एक मातीचा घडा आहे आणि दुसऱ्याला दोन तोंडं असतात.

आपला,
एक तबलाशिक्षक, पुणे