पुळणीवर शिकवणाऱ्याला कॉलेजचे फाटक उघडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे २०२५मध्ये दीवच्या घोघला किनाऱ्यावर पहिले खेलो इंडिया बीच गेम्स झाले. त्या बातम्यांची कात्रणे मी काढून ठेवली आहेत. मी रत्नागिरीची. ३१ वर्षे मुलींना व्हॉलीबॉल शिकवून निवृत्त झाले. कात्रणे चाळताना जाणवले की पदके कोणी मिळवली ते सगळे त्यात आहे, पण त्या मुलामुलींना पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, उभे राहायला कोणी शिकवले त्याची ओळही नाही. म्हणून हे पत्र. ते बीच व्हॉलीबॉल शिकवणाऱ्या एका अमेरिकन माणसाबद्दल आहे आणि आमच्या इथल्या एका मुलीबद्दल.

त्या माणसाचे नाव डेन ब्लँटन. २०२४च्या वसंतात मी लेकीच्या बाळंतपणासाठी लॉस एंजेलिसला होते. एका शनिवारी जावई म्हणाले, "आई, तुमचा खेळ बघायला येता का?" युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या आवारातच वाळूचे मैदान आहे. समुद्र तिथून कितीतरी लांब. ट्रकने वाळू आणून टाकलेली. तिथल्या मुलींच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक ब्लँटन. मला आधी वाटले, नामसाधर्म्य असेल. कारण हे नाव मला २४ वर्षे पाठ होते.

सप्टेंबर २००० मधली सिडनी ऑलिंपिकची गोष्ट. बाँडी बीचवर १० हजार प्रेक्षकांचे तात्पुरते स्टेडियम उभारले होते. तिथे नववे मानांकन असलेली ब्लँटन आणि एरिक फोनोइमोआना ही अमेरिकन जोडी अंतिम फेरीत ब्राझीलच्या झे मार्को आणि रिकार्डो यांच्यासमोर उभी राहिली. सर्व्हिस ज्याची त्यालाच गुण, असा जुना नियम तेव्हा होता आणि सेट १२ गुणांचा. १२-११, १२-९ असे जिंकून त्यांनी सुवर्णपदक घेतले. मी तो सामना घरच्या टीव्हीवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मुलींना मैदानात बसवून तोंडी सांगितला.

त्याआधीची वाटचालही सोपी नव्हती. लगुना बीचला वाढलेला हा मुलगा पेपरडाइन विद्यापीठात आला तेव्हा कॉलेजात वाळूवरचा खेळच नव्हता. सहा जणांच्या, हॉलमधल्या संघातून त्याने १९९२चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. मग पायातले बूट काढून तो वाळूवर उतरला. १९९७मध्ये हर्मोसा बीचची मोठी स्पर्धा त्याने जिंकली. अमेरिकेत व्यावसायिक बीच व्हॉलीबॉलची स्पर्धा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पुढे २००४मध्ये अथेन्सलाही तो जेफ नायगार्डबरोबर खेळला. नंतर टीव्हीवर समालोचन केले. इथवर आले की आपल्याकडे खेळाडूची गोष्ट संपते. फार तर सत्कार आणि शाल.

ब्लँटन मात्र पुन्हा वाळूवर गेला. मुख्य प्रशिक्षक म्हणून नव्हे. याच युनिव्हर्सिटीत तो आधी स्वयंसेवक साहाय्यक होता. नीट वाचा, स्वयंसेवक! ऑलिंपिकचे सुवर्णपदक घरात ठेवून आलेला माणूस दुसऱ्याच्या हाताखाली वाळूवर उभा होता. तेव्हा मुख्य प्रशिक्षक ॲना कोलियर होत्या. कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्यावर २०१६ आणि २०१७ची पहिली दोन्ही विजेतेपदे या युनिव्हर्सिटीला त्यांनीच मिळवून दिली होती. २०१९मध्ये संघ ब्लँटनच्या हाती आला. पहिला मोसम करोनाने अर्ध्यावर बुडाला. त्यानंतर २०२१, २०२२, २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ चार विजेतेपदे. २०२५मध्ये विजेतेपद टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीकडे गेले आणि ती साखळी तुटली.

स्वतः चांगले खेळणे आणि दुसऱ्याला खेळवणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे ३१ वर्षे शिट्टी गळ्यात घातलेली बाई सांगते आहे. चेंडू कुठे पडणार हे खेळाडूच्या पायांना कळते. ते शब्दांत उतरवून १८ वर्षांच्या मुलीला सांगणे ही वेगळी मेहनत. ती शिकायलाही कुणाचा तरी संघ लागतो, कुणीतरी "ये, उभा राहा माझ्याशेजारी" म्हणावे लागते.

तिथला कॉलेजचा खेळ कसा असतो तेही सांगते, कारण तो मला अगदी आपल्यासाठी केल्यासारखा वाटला. एका कॉलेजच्या पाच जोड्या विरुद्ध दुसऱ्या कॉलेजच्या पाच जोड्या. पहिली जोडी पहिलीशी, पाचवी पाचवीशी. ज्यांनी तीन लढती जिंकल्या, तो संघ जिंकला. पाचव्या जोडीच्या विजयाचे मोल पहिल्या जोडीच्या विजयाइतकेच! त्यामुळे कोपऱ्यातल्या कोर्टवर खेळणाऱ्या मुलींसाठीसुद्धा सगळा संघ घसा फुटेस्तोवर ओरडत असतो. मी आयुष्यभर सहा जणींचा संघ केला आणि बाकावर सहा मुली बसवल्या. त्या बाकावरच्या मुलींचे चेहरे मला त्या दिवशी आठवत राहिले. वाळूवर दोघीच असतात, बदली खेळाडू नसतो, दोघींनाही सगळे करावे लागते: सर्व्हिस, उचल, स्मॅश, ब्लॉक, सगळे.

आणखी एक. ब्लँटन सिडनीत खेळला तेव्हा सामना सुरू असताना प्रशिक्षकाने सूचना देण्याची सोय नव्हती. जोडीने आपले आपण निभवायचे. कॉलेजच्या सामन्यात तशी मुभा आहे. दर सात गुणांनी बाजू बदलतात, तेवढ्यात बोलून घ्यायचे. माझ्यासमोरच्या कोर्टवर एक तरुण साहाय्यक बाई होती. समोरच्या मुली सारख्या मागच्या रेषेवर चेंडू टाकत होत्या आणि आपली मुलगी दर वेळी एक पाऊल उशिरा निघत होती. बाजू बदलताना ही बाई खाली बसली, वाळूत टाचेएवढा खळगा केला आणि मुलीला म्हणाली, इथे उभी राहा. बाकी काही नाही. पुढचे तीन चेंडू त्या मुलीने घेतले. मी जागेवरून उठून टाळ्या वाजवल्या, जावई बघत राहिले.

हा खेळ तिथे कॉलेजात आला, त्याला कारण आहे. १९७२चा टायटल नाइन कायदा: शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करता येणार नाही, खेळातही नाही. म्हणून कॉलेजे मुलींसाठी नवे खेळ शोधत राहिली. बीच व्हॉलीबॉल आधी उगवता खेळ म्हणून घेतला गेला आणि २०१६मध्ये त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा अलाबामातल्या गल्फ शोअर्सला भरली. ती फक्त मुलींसाठी आहे. ब्लँटनच्या युनिव्हर्सिटीकडून खेळणारी तीना ग्राउदिना ही लाटव्हियाची मुलगी टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली.

आता आमच्या मुलीबद्दल. नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. भाट्याच्या बाजूची, बापाचा मासेमारीचा धंदा. पायांत अशी ताकद की वाळूतही हॉलमधल्यासारखी उडी घ्यायची. सकाळचा मतलई वारा आणि दुपारनंतरचा खारा वारा यांतला फरक तिला कुणी शिकवावा लागला नाही. नेटच्या खांबाला जुन्या ओढणीची चिंधी बांधायची आणि सर्व्हिसच्या आधी तिच्याकडे एकदा बघायची. मी तिच्याकडून ते शिकले आणि पुढे सगळ्या मुलींना शिकवले. ती राज्य पातळीपर्यंत खेळली. गुडघा गेला, खेळ थांबला.

लग्नानंतर ती एका कॉलेजात गेली. मी बरोबर होते. ती म्हणाली, "मला पगार नको. सकाळी सहा ते आठ मुलींना पुळणीवर घेऊन जाते." उत्तर मिळाले, नियमात बसत नाही. शारीरिक शिक्षण संचालकाला पदव्युत्तर पदवी लागते, नेट-सेट ही पात्रता परीक्षा लागते, ते मला मान्य आहे. पण ती ते पद मागत नव्हती. प्रशिक्षकाच्या पतियाळाच्या डिप्लोमासाठी वर्षभर घर सोडणे तिला शक्य नव्हते. संचालक एकच, त्यांच्याकडे सगळे खेळ आणि वर प्रवेशाची कामे. त्यांना रोज दोन तास किनाऱ्यावर जाणे जमणार नाही, हेही उघड आहे. मग जिला जमणार होते तिला आपण फाटकावरून परत पाठवले. परतताना रिक्षात ती काही बोलली नाही. मांडवीला उतरली आणि समुद्राकडे पाठ करून उभी राहिली. ते मला आजही सहन होत नाही.

महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून लांब किनारा आहे. ट्रकने वाळू आणायची नाही, पुळण देवाने दिली आहे. १६ मीटर लांब, ८ मीटर रुंद जागा, चार दोऱ्या, दोन खांब, एक नेट. दहा मुली जमल्या की पाच जोड्या झाल्या. कोकणातल्या प्राचार्यांना आणि विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला माझी विनंती आहे, की खेळून झालेल्या मुलामुलींसाठी स्वयंसेवक साहाय्यक प्रशिक्षक अशी नोंद सुरू करा. ओळखपत्र द्या, विमा उतरवा, संचालकांच्या देखरेखीखाली काम द्या, आणि दोन वर्षांनी काम बघून मानधनाचा विचार करा. आपल्या वर्तमानपत्राने हा विषय लावून धरावा.

ती मुलगी आता चाळिशीची आहे, इथेच राहते. मागच्या आठवड्यात मी तिला विचारले, अजून येशील का? म्हणाली, "बाई, गणपती होऊन पाऊस उघडला की कधीही." ज्या कॉलेजला ती हवी असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावे. नेट मी देईन. माझ्या माळ्यावर आहे, दोन जागी उसवले आहे, ते शिवायला घेतले आहे.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, रत्नागिरी