ओळखीच्या माणसाला फाटकावर तिष्ठत ठेवणारी सुरक्षितता

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत 'स्मार्ट' घरांचे गोडवे गाणारा लेख वाचला. लेखकमहाशयांच्या घरचे दिवे हाकेला ओ देतात, एसी मालक पोचण्याआधीच खोली गार करून ठेवतो आणि दारावरची घंटा परगावी गेलेल्या मालकालाही पाहुण्याचा चेहरा दाखवते, हे वाचून आनंद झाला. फक्त त्या पाहुण्याचे पुढे काय होते, तेवढे लिहायचे राहिले आहे. ते मी लिहितो.

गेल्या मार्चमध्ये माझी थोरली बहीण निफाडहून घरच्या मळ्यातल्या द्राक्षांची पाटी घेऊन आली. तिचे वय 74. मोबाइल ती जवळ बाळगत नाही. आमच्या सोसायटीने त्याआधीच्या दिवाळीत फाटकासाठी ॲप घेतले आणि आता ॲप आहेच म्हणून इंटरकॉम काढून टाकला. ॲपमध्ये आमच्या घराचा म्हणून नोंदवलेला नंबर मुलाचा, आणि तो पुण्यात फोन मुका करून मीटिंगला बसलेला. मी तिसऱ्या मजल्यावर चहा घेत होतो. "मावशी, तुम्ही कोण ते मला माहीत आहे हो, पण फोनवरून होकार आल्याशिवाय सोडता येत नाही," असे म्हणून वॉचमनने तिला स्वतःची खुर्ची दिली. तेवढेच त्याच्या हाती उरले होते. त्याने फोटो काढण्यासाठी मोबाइल समोर धरला, तेव्हा तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि "कुठल्या योजनेचा फोटो आहे का रे बाबा?" असे विचारले. पाऊण तासाने चिरंजीवांचे बोट हलले. ती वर आली तोवर पाटीवरचे ओले फडके वाळून कडक झाले होते. "पुढच्या खेपेला तलाठ्याचा दाखला घेऊन येईन," एवढेच ती म्हणाली.

तो फोटो आता कोठे आहे आणि किती दिवस राहणार, असे मी सोसायटीच्या सभेत विचारले. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितले, 2023 मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला, पण आमच्या सचिवांचे उत्तर "ते कंपनीकडे असते, काका" एवढ्यावर संपले. फाटकावरच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड तरी बदलला आहे काय, असे विचारल्यावर "जो आला तोच आहे" असे त्यांनी निर्धास्तपणे सांगितले. ऑक्टोबर 2016 मध्ये, कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी न बदललेले असेच हजारो कॅमेरे आणि राउटर परक्यांनी ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास बंद पाडल्या होत्या. म्हणजे आमचा कॅमेरा माझ्या बहिणीला आत सोडत नाही, मात्र स्वतः कोणाच्याही हाती जायला तयार आहे. याला सुरक्षितता म्हणतात, हे मला त्या सभेत कळले.

जाता जाता आणखी एक. त्या लेखाच्या तळाशी "उर्वरित भाग वाचण्यासाठी कोड स्कॅन करा" असे छापले आहे. वर्गणी मी पूर्ण अंकाची भरतो, तेव्हा उर्वरित भागही कागदावरच द्यावा. हे पत्र छापणार असाल, तर तेही तिथेच छापावे, ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार
गंगापूर रोड, नाशिक