मराठी ब्लॉग अडतो तो लिपीपाशी आणि पत्त्यापाशी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर सात नंदीध्वजांची, अडुसष्ट लिंगांची, योगदंडाची माहिती फिरू लागते. त्यातली काही खरोखर मेहनतीने लिहिलेली असते. संक्रांत उलटली की ती शंभर ‘सुप्रभात’खाली गाडली जाते आणि पुढच्या वर्षी लिहिणाऱ्याचे नाव गळून, एखाद-दुसरा तपशील बिघडून परत येते. यंत्रमागावर, डाळिंबाच्या तेल्या रोगावर, पद्मशाली समाजाच्या रथोत्सवावर लिहिणाऱ्यांचेही हेच. या मंडळींनी ब्लॉग काढावा असे सगळे म्हणतात, आणि काही जण काढतातही. पण बंद पडलेले मराठी ब्लॉग उघडून पाहिले तर त्याच त्या चुका दिसतात. इंग्रजी-हिंदी व्हिडिओंत त्या सांगितलेल्या नसतात, कारण त्या देवनागरीच्या आहेत. म्हणून हे पत्र, जरा लांबले तरी.

ब्लॉग म्हणजे तारखेनिशी लिहिलेल्या नोंदींची वही. नवी नोंद वर, जुनी खाली, आणि प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायमचा पत्ता. १९९७ मध्ये जॉर्न बार्जर यांनी ‘वेबलॉग’ हा शब्द काढला आणि १९९९ मध्ये पीटर मरहोल्झ यांनी तो गमतीने तोडून ‘ब्लॉग’ केला. यात महत्त्वाचे काय, तर तो कायमचा पत्ता. तो नसेल तर फेसबुक आहेच की.

सुरुवातीला दोनच पर्याय विचारात घ्यावेत. ब्लॉगर १९९९ पासून आहे, २००३ पासून गूगलचे आहे आणि फुकट आहे. जीमेलचे खाते असले की दहा मिनिटांत ब्लॉग तयार होतो. वर्डप्रेस २००३ चे. इथे मात्र नवखा हमखास फसतो, कारण वर्डप्रेस नावाच्या दोन गोष्टी आहेत. ‘वर्डप्रेस डॉट कॉम’वर ब्लॉग ठेवायची जागाही (होस्टिंग) तीच कंपनी देते, फुकट योजनेत तिच्या जाहिराती दिसतात आणि प्लगिन, म्हणजे जादा सोयींचे जोड, बसवता येत नाहीत. ‘वर्डप्रेस डॉट ऑर्ग’वर नुसते सॉफ्टवेअर मिळते, जागा आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, आपण विकत घ्यायचे. एकीचा व्हिडिओ पाहून दुसरीवर बटणे शोधत बसलेले बरेच असतात. पहिले वर्षभर ब्लॉगरच बरे. पैसे घालून जागा घ्यायचीच झाली तर जाहिरातीतला पहिल्या वर्षाचा दर न पाहता दुसऱ्या वर्षीचा नूतनीकरणाचा दर पाहावा, तो बऱ्याचदा कितीतरी जास्त असतो. डोमेन आपल्याच नावावर आणि आपल्याच ईमेलवर नोंदवलेले आहे ना, याची खात्री करावी. साइट करून देणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर घेतले आणि पुढे त्याने फोन उचलणे सोडले, तर पत्ता गेला. ‘डॉट भारत’ ही देवनागरी डोमेने २०१४ पासून मिळतात. ती दिसायला सुंदर, पण फोनवरून कुणाला सांगताना ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होतो. ब्लॉगच्या पत्त्याला सोपे रोमन स्पेलिंगच ठेवा.

ब्लॉग ज्या जीमेलवर काढाल ते खाते स्वतःचे हवे. वडिलांचा ब्लॉग पुतण्याच्या खात्यावर, असा प्रकार घरोघरी आहे. दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती गूगल काढून टाकू शकते. सिम बदलले आणि खात्यातला जुना नंबर तसाच राहिला, तर विसरलेला पासवर्ड परत मिळवता मिळवता नाकी नऊ येतात. ब्लॉग उघडण्याआधी हे दुरुस्त करून घ्यावे.

ब्लॉगरमध्ये शिरल्या शिरल्या सेटिंग्जमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात. भाषा मराठी करावी. टाइम झोन भारताचा, म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढचा, आहे का ते तपासावे. तो बऱ्याचदा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा असतो आणि जानेवारीत तिथले घड्याळ आपल्या साडेतेरा तास मागे असते. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याचा मजकूर दुपारी एकला टाकला तर त्यावर आदल्या दिवशीची तारीख पडणार. तिसरे, ‘सर्च डिस्क्रिप्शन’ सुरू करावे. त्याशिवाय प्रत्येक लेखाला दोन ओळींचा परिचय जोडता येत नाही, आणि गूगलच्या यादीत तो परिचय दिसू शकतो.

आता लिपी. सोलापुरातल्या डीटीपीच्या दुकानांतून लग्नपत्रिका, स्मरणिका, जयंतीचे फ्लेक्स अजूनही श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत होतात. या फॉन्टांत मजकूर मुळात रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या संकेतांत साठवलेला असतो, त्यावर देवनागरीचा नुसता मुखवटा असतो. तो फॉन्ट नसलेल्या फोनवर मुखवटा गळतो आणि वाचकाला कंस, टिंबे आणि रोमन अक्षरांची खिचडी दिसते. गूगललाही तीच खिचडी दिसते, म्हणून असा लेख शोधून सापडत नाही. ब्लॉगवर युनिकोडच, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा जागतिक संकेत असलेली पद्धतच, हवी. जुना मजकूर बदलून देणारी कन्व्हर्टर फुकट मिळतात. पण जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होत असे, त्यामुळे रूपांतरात नेमकी हीच ठिकाणे बिघडतात. ‘र्क’, ‘र्थ्य’, ‘श्रि’, ‘ऋ’, ‘ऱ्ह’ असलेला प्रत्येक शब्द डोळ्यांखालून घालावा. पीडीएफमधून उचललेला मजकूर तर त्याहून वाईट निघतो. दोन पानेच असतील तर पुन्हा टाइप केलेली बरी.

टाइप करायला फोनवर गूगलच्या जीबोर्डचा मराठी कळफलक पुरतो. बोलूनही टाइप होते, मात्र विरामचिन्हे आणि विशेषनामे नंतर हाताने दुरुस्त करावी लागतात. ‘होटगी’ आणि ‘हिप्परगा’ पहिल्या फटक्यात बरोबर आले तर नशीब. संगणकावर इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक, शिकून घ्यावा. विंडोजमध्ये तो मुळातच असतो आणि रोज अर्धा तास बसले तर महिनाभरात हात बसतो. मराठीची खास खोच म्हणजे ऱ्या. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ दिलेली दक्षिणा ‘आचाऱ्यांना’ गेली की अर्थाचा अनर्थ. इन्स्क्रिप्टमध्ये ‘र’च्याच कळीवर शिफ्ट दाबले की ‘ऱ’ येतो, त्याला हलन्त आणि ‘य’ जोडावा. ‘ळ’ही तसाच ‘ल’च्या कळीवर शिफ्टने.

व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून लेख उचलून चिकटवताना त्यामागे अदृश्य सजावटही येते. मग एक परिच्छेद मोठा, एक बारीक, एक राखाडी दिसतो आणि काही केल्या सरळ होत नाही. साधा मजकूर म्हणून चिकटवावा. संगणकावर कंट्रोल-शिफ्ट-व्ही, फोनवर तसा पर्याय दिसला तर तो. ठळक अक्षरांसाठी घातलेल्या व्हॉट्सॲपच्या चांदण्या (*) हाताने काढाव्या लागतात.

सर्वात जास्त नुकसान होते ते पत्त्यात. ब्लॉगर लेखाच्या शीर्षकावरून पत्ता बनवतो, पण देवनागरी अक्षरे टाकून देतो. उरतो फक्त ‘blog-post’ आणि पुढे एखादा आकडा. पन्नास लेखांचे पन्नास सारखेच पत्ते! वर्डप्रेस देवनागरी ठेवतो, पण तो पत्ता कॉपी करून कुठे पाठवला की बहुधा प्रत्येक चिन्हाची टक्क्याच्या खुणांसह नऊ रोमन चिन्हे होतात. ‘सोलापूर’ हा एकटा शब्द ६३ चिन्हांचा होतो, कारण काना-मात्राही वेगळी मोजली जाते. शिवाय वर्डप्रेसमध्ये या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरी बाविसेक चिन्हांनंतर शीर्षक मध्येच तुटते. उपाय दोन्हीकडे एकच. ‘पब्लिश’ दाबण्यापूर्वी ‘पर्मालिंक’मध्ये, म्हणजे लेखाच्या कायमच्या पत्त्याच्या रकान्यात, जाऊन रोमन लिपीत तीन-चार शब्दांचा पत्ता द्यावा, उदाहरणार्थ ‘shenga-chatni-solapur’. ज्यांना मराठी टाइप करता येत नाही ते रोमन अक्षरांतच शोधतात, त्यांनाही लेख सापडायला याची थोडी मदत होते. प्रसिद्ध झाल्यावर पत्ता बदलू नये. ब्लॉगरमध्ये तर आधी पाठवलेल्या सगळ्या लिंका मरतात.

शीर्षकात वस्तूचे नाव असावे. ‘एक झणझणीत आठवण’ असे शीर्षक दिवाळी अंकात शोभते. शोधणारा टाइप करतो ‘शेंगा चटणी कशी करायची’. आणि आत खरोखर कृती हवी: भाजून सोललेले शेंगदाणे पाव किलो, लसूण दहा-बारा पाकळ्या, तिखट, जिरे, मीठ, आणि हे सगळे उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचे. मिक्सर सलग फिरवला तर दाणे तापून लगदा होतो, म्हणून थांबून थांबून फिरवायचा. एवढे ‘का’ सांगितले की वाचक परत येतो. इतिहासावर लिहिणाऱ्यांनी तर प्रत्येक तारखेचा आधार त्याच वाक्यात द्यावा. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली, हे सोलापुरात पाठ असते. त्याआधीच्या मार्शल लॉच्या (लष्करी अमलाच्या) दिवसांतल्या ऐकीव गोष्टी मात्र ऐकीव म्हणूनच लिहाव्यात.

लांबी पाचशे ते आठशे शब्द पुरे. वाचणारा बहुतेक फोनवर वाचतो, म्हणून परिच्छेद तीन-चार वाक्यांचा. उपशीर्षकाला नुसते ठळक न करता ‘हेडिंग’ची शैली लावावी, कारण अंधांसाठी पान वाचून दाखवणारी साधने तिच्यावरूनच वाट काढतात. विषयांची लेबले सहा-सात ठरवून घ्यावीत आणि तीच वापरावीत. ‘सोलापूर’ आणि ‘सोलापुर’ ही यंत्राला दोन वेगळी गावे आहेत. पाच लेख हाताशी तयार असल्याशिवाय पहिला टाकू नये, आणि पंधरा दिवसांतून एक हा वेग झेपतो. रोज एक म्हणणारे तिसऱ्या आठवड्यात थकतात.

फोटोला १२०० पिक्सेल रुंदी आणि दोनशे केबीच्या आतबाहेर वजन पुरेसे. फोनचा मूळ फोटो तीन-चार एमबीचा असतो, तसे दहा टाकले की खेड्यातल्या नेटवर्कवर पान उघडत नाही. कॅमेऱ्याची ‘लोकेशन’ नोंद बंद ठेवावी, नाहीतर घराचे अक्षांश-रेखांश फोटोबरोबर जाऊ शकतात. कविता चित्रावर छापून टाकायची आपल्याकडे फार हौस. शोधयंत्राला ती वाचता येईलच याचा भरवसा नाही, आणि अंध वाचकाला ती ऐकू येत नाही. खाली मजकूर म्हणून ती पुन्हा लिहावी.

दुसऱ्याचे साहित्य उचलताना १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू होतो. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क असतो. १९७० मध्ये वारलेल्या कवीची कविता २०३० संपेपर्यंत पूर्ण छापता येणार नाही. समीक्षेसाठी दोन-चार ओळी नावासह चालतात. ‘साभार’ लिहिले म्हणजे परवानगी मिळाली, हा गोड गैरसमज. ‘गूगलवरून घेतला’ हेही फोटोचे श्रेय नव्हे. विकिमीडिया कॉमन्सवरचे बहुतेक फोटो छायाचित्रकाराचे नाव आणि परवान्याचा प्रकार लिहून वापरता येतात. नाव घेऊन कुणावर आरोप करणाऱ्यांनी बदनामीचे कलम, आता भारतीय न्याय संहितेतले ३५६, एकदा वाचून घ्यावे. ब्लॉग आहे म्हणून सूट मिळत नाही.

लेख टाकल्यावर गूगल सर्च कन्सोल या फुकट साधनात ब्लॉग जोडून साइटमॅप, म्हणजे ब्लॉगवरच्या पानांची यादी, द्यावा. यादीत यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. गटावर अख्खा लेख न टाकता दोन ओळी आणि लिंक द्यावी. अख्खा दिला की नाव कापून तो पुढे जाणारच. आकडेवारीत ‘माझ्या भेटी मोजू नका’ हा पर्याय निवडावा. पहिल्या आठवड्यात परदेशातून दीडशे वाचक आलेले दिसले तर पेढे वाटू नयेत, ती बहुधा यंत्रे असतात. गूगल प्लस हे समाजमाध्यम किंवा नवे लेख ईमेलने पाठवणारी फीडबर्नरची सोय सांगणारी मार्गदर्शिका दिसली तर ती बाजूला ठेवा. पहिले २०१९ मध्ये आणि दुसरी २०२१ मध्ये बंद झाली.

कमाईविषयी थोडेच. ॲडसेन्समध्ये, म्हणजे गूगलच्या जाहिरातींच्या योजनेत, दहा डॉलर जमले की पत्ता पडताळायला टपालाने पिन येतो, आणि पैसे शंभर डॉलर झाल्याशिवाय हातात येत नाहीत. मित्रांना जाहिरातींवर टिचक्या मारायला सांगितले की खाते बंद. चादरीच्या किंवा हुरडा पार्टीच्या व्यवसायाला ब्लॉगवरून गिऱ्हाईक मिळणे हे जाहिरातींपेक्षा जास्त शक्य वाटते, पण लेख पैसे घेऊन लिहिला असेल तर तसे वरच सांगावे.

दर तीन महिन्यांनी सेटिंग्जमधून ‘बॅकअप’ उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावा. त्या फाइलमध्ये मजकूर येतो, फोटो येत नाहीत, नुसते त्यांचे दुवे येतात. म्हणून मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, लेखाच्या नावाने.

आता आपल्याकडे एक विनंती. वाचकांची पत्रे आणि पुरवणीचे लेख युनिकोडमध्येच पाठवावेत, अशी एक ओळ पत्रव्यवहाराच्या चौकटीत छापावी. आणि एखाद्या ब्लॉगवरून माहिती घेतलीत तर लेखकाच्या नावाबरोबर त्या लेखाचा पत्ताही छापावा. तो वाचून हाताने टाइप करता येईल इतका छोटा ठेवणे हे लिहिणाऱ्याचे काम.

आपला,
एक वाचक, सोलापूर