कांगा लीगचे स्कोअर पुन्हा छापा

मा. संपादक, स.न.

गेल्या महिन्यात माझे मोठे काका गेले. बँकेत क्लार्क होते, डावखुरे स्पिनर, सतरा वर्षं कांगा लीग (मुंबईतल्या क्लबांची पावसाळी क्रिकेट स्पर्धा) खेळले, बहुतेक बी आणि सी डिव्हिजनला, शिवाय बँकेकडून टाइम्स शील्ड, म्हणजे ऑफिसांच्या टीमची स्पर्धा. रणजीपर्यंत कधी पोचले नाहीत. आणि पोचणार तरी कसे, त्यांच्या काळात मुंबईकडून डावखुरी स्पिन टाकायला पद्माकर शिवलकर होते, १२४ फर्स्ट क्लास (म्हणजे रणजीच्या दर्जाच्या) मॅचमध्ये ५८९ विकेट, आणि बिशनसिंग बेदींसारखा डावखुरा स्पिनर भारताच्या टीममध्ये असल्यामुळे त्यांनाही एक टेस्ट मिळाली नाही, मग शिवलकरांच्या मागे रांगेत उभं राहिलेल्यांना कोण विचारणार?

तेराव्याला माझ्या मुलाने मोबाईलवर काकांचं नाव टाकून बघितलं. काहीच आलं नाही. तेवढ्यात काकूंनी कपाटातून एक लांब वही काढून दिली, आत सगळी तुमच्या पेपरमधली कात्रणं डकवलेली, सोमवारच्या अंकातली, मुंगीएवढ्या अक्षरातले स्कोअर. एका कात्रणात आडनाव चुकीचं छापलंय ते काकांनी निळ्या पेनाने दुरुस्त केलंय. एका ठिकाणी नुसतं लिहिलंय, "क्रॉस मैदान, चिखल, सहा विकेट." डोंबिवलीहून रविवारी पहाटेची लोकल पकडून, खांद्यावर किट, पाऊस धो धो पडत असला तरी जायचे कारण मॅच होईल की नाही ते मैदानावर गेल्याशिवाय कळायचं नाही. ओली विकेट, गुडघाभर गवत, बॉल मारला तरी पुढे जात नाही, तिथे तीस रन केले तरी बॅट्समनची पाठ थोपटायचे.

ती वही बघून मला इंग्लंडची मायनर काउंटी आठवली. ज्या काउंट्यांना, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या टीमना, फर्स्ट क्लासचा दर्जा नाही त्यांची ही चॅम्पियनशिप १८९५ पासून चालू आहे, २०२० पासून नाव बदलून नॅशनल काउंटीज केलंय. नोकरी सांभाळून खेळणारे लोक, आपल्या मैदानांवरच्यासारखेच. इंग्लंडचा सिडनी बार्न्स एवढा मोठा बॉलर, २७ टेस्टमध्ये १८९ विकेट, पण त्याच्या करिअरचा खूप मोठा भाग तिथल्या क्लबांच्या लीगमध्ये आणि स्टॅफर्डशायरकडून मायनर काउंटी खेळण्यात गेला, १९३५ पर्यंत म्हणजे वयाच्या बासष्टीपर्यंत तो स्टॅफर्डशायरकडून खेळत होता आणि तिथे त्याने १४०० च्या वर विकेट काढल्या, ॲव्हरेज आठच्या आसपास. हे आज मी मुंबईत बसून सांगू शकतो कारण तिथे प्रत्येक मॅचचा स्कोअर कुणीतरी जपून ठेवला. बार्न्स मोठा होता म्हणून जपला असं नाही, त्याच्याबरोबर अकरा नंबरला येणाऱ्याचाही जपलाय. १९७३ ला जिलेट कप या वनडे स्पर्धेत डरहॅमने यॉर्कशायरसारख्या फर्स्ट क्लास काउंटीला हरवलं तेव्हा डरहॅम मायनर काउंटीच होतं, फर्स्ट क्लासचा दर्जा १९९२ ला मिळाला, पण त्या अकरा जणांची नावं आजही मिळतात.

आपली कांगा लीग १९४८ पासून चालू आहे. सगळ्या डिव्हिजन धरून दर सीझनला केवढी मुलं खेळतात! त्यातला एखादाच पुढे जातो आणि त्याच्याबद्दल तुम्ही पानभर लिहिता, लिहायलाच पाहिजे. बाकीच्यांचं काय? क्लबच्या स्कोअरबुका टेंटमधल्या ट्रंकेत भिजून जातात, काकांच्या क्लबच्या तशाच गेल्या, मी स्वतः विचारून आलो. पूर्वी तुमच्याकडे सोमवारी अर्धा कॉलम तरी असायचा, मग तो पाव झाला, मग फक्त ए डिव्हिजन, आता तेही नाही. जागा कमी आहे हे मान्य आहे. पण आयपीएलच्या लिलावाचे अंदाज आठवडाभर छापता त्यातली चार इंच जागा द्या, आणि पेपरात जमत नसेल तर तुमच्या वेबसाइटवर तरी पूर्ण स्कोअर टाका, खेळाडूच्या पूर्ण नावासकट, नुसत्या आडनावावरून वीस वर्षांनी कोणता सावंत आणि कोणता परब ते कळत नाही.

आणि ज्या वाचकांच्या घरी अशी कात्रणं किंवा स्कोअरबुकं असतील त्यांनी रद्दीत घालू नयेत, असं एक आवाहनही छापा. काकांची वही माझ्याकडे आहे. तुमच्या क्रीडा विभागाला स्कॅन करायला हवी असेल तर कुठल्याही शनिवारी मी स्वतः घेऊन येतो.

– एक वाचक, दादर